घंटेच्या माहेरी नाताळ

मेणवलीच्या घाटावर एक मोठी पंचधातूची घंटा आहे. वाईत वाढलेल्या पोरांना ती पाठच असते. तिच्यावर बाळाला घेतलेली एक बाई उठावात दिसते आणि १७०७ हा आकडा. लहानपणी मला ती यशोदाच वाटायची. आजीलाही तसंच वाटत असावं, कारण घाटावर गेली की ती घंटेकडे बघून हात जोडायची. पुढे शाळेत कळलं, ही माता मरिया आणि बाळ येशू, आणि घंटा वसईची. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई घेतली, तेव्हा तिथल्या चर्चमधून ज्या घंटा देशावर आल्या त्यांतली ही एक.

हे मी होस्टेलात माझ्या वसईच्या मैत्रिणीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे आमची वस्तू तुमच्याकडे आहे. परत कधी देताय?" त्यानंतर वीस वर्षं ती दर डिसेंबरात हाच प्रश्न विचारते आणि पाठोपाठ नाताळला ये म्हणते. गेल्या डिसेंबरात अखेर गेले. सोबत एकाहत्तर वर्षांची आई आणि दहा वर्षांची लेक. नवऱ्याला रजा मिळाली नाही. मांजराकडे कोणीतरी बघायला हवंच होतं.

२२ डिसेंबर

प्रवासाचं फार सांगत नाही. एसटीनं बोरिवली, तिथून लोकल. घोटाळा एवढाच झाला की गाडी घाटात रखडली आणि बोरिवली स्टेशनात आम्ही ऐन संध्याकाळी सातला पोचलो. हातात बॅगा, कंदी पेढ्यांचे दोन डबे आणि आई. दोन गाड्या नुसत्या बघून सोडल्या. तिसरीत बायकांच्या डब्यातल्या एकीनं आईला दंडाला धरून आत ओढलं आणि विरारपर्यंत तिला स्वतःच्या जागेवर बसवून ती उभी राहिली. नाव विचारायचं राहिलं. (तुम्ही जाणार असाल तर दुपारी चारच्या आत गाडी धरा. संध्याकाळी त्या दिशेला जायचं धाडस सामान घेऊन करू नका.)

विरारला पश्चिमेला उतरून रिक्षा केली. बराच वेळ नुसत्या इमारती, दुकानं, हॉर्न. मग एका वळणावर कोणीतरी बटण दाबावं तसं सगळं थांबलं. दोन्हीकडे केळी, नारळ, विहिरी, पानवेलींचे मांडव, आणि थंडीत जरा जडावलेला चाफ्याचा वास. नंदाखाल, निर्मळ, आगाशी हा सगळा वाड्यांचा पट्टा. प्रत्येक घराच्या ओटीवर कागदी चांदणी लटकत होती. लेक आधी मोजत होती, चाळीसनंतर तिनं नाद सोडला.

घरात शिरलो तर स्वागताला उठायला कोणाचे हात मोकळे नव्हते. माजघरात चटई, चटईवर परात, परातीत मैद्याचा घट्ट मळलेला गोळा, आणि भोवती मैत्रीण, तिची आई आणि आजी. तिघींच्या हातात कंगवे! कोरे, खास नाताळसाठी आणलेले. चण्याएवढी गोळी घ्यायची, तेल लावलेल्या कंगव्याच्या दातांवर अंगठ्यानं दाबून पातळ पसरायची आणि टोकाकडून गुंडाळत आणायची. शंखासारखी रेघारेघांची गुंडाळी होते. हे कुलकुल. मग तळायचं आणि साखरेच्या पाकात घोळायचं.

माझी आई चप्पल काढून, पाय धुऊन, सरळ चटईवर जाऊन बसली. "हे तर आमचे गव्हले," म्हणाली. लग्नातले गव्हले, नखुल्या, मालत्या वळण्यात तिचा हात आमच्या आळीत पहिला मानला जातो. कंगवा तिला नवा होता, पण पाचव्या गोळीला तिचं कुलकुल आजींच्या कुलकुलाशेजारी ओळखू येईना. माझं मात्र लगेच ओळखू येत होतं. लेकीनं त्यांना 'मम्माचे गांडूळ' असं नाव दिलं. त्यावर मैत्रिणीची आई खो खो हसली आणि म्हणाली की गोव्याकडे या पदार्थाला खरोखरच किडे म्हणतात.

आजी चौऱ्याऐंशी वर्षांच्या. लाल लुगडं, मानेवर घट्ट अंबाडा, बोलणं कमी. ही मंडळी कुपारी, म्हणजे सामवेदी ख्रिस्ती. घरात बोलतात ती कादोडी बोली. कान दिला तर तिसरं वाक्य समजतं, चौथं निसटतं. वसईत वाडवळ ख्रिस्ती आहेत, कोळी ख्रिस्ती आहेत, ईस्ट इंडियन म्हणवणारे ख्रिस्ती आहेत. प्रत्येकाची बोली वेगळी आणि मसाल्याचा हात वेगळा. आमच्याशी मात्र सगळे स्वच्छ मराठी बोलले. आईला याचं भारी नवल वाटलं. मला तिच्या नवलाची थोडी लाज वाटली. मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद भूषवलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो याच वसईचे, हे मी तिला रात्री झोपताना सांगितलं. "अगं, ते उस्मानाबादचं संमेलन ना? टीव्हीवर पाहिलं होतं मी," म्हणाली आणि कूस बदलून झोपली.

आई शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही. हे आधी फोनवर सांगितलं होतं. तांदळाची भाकरी, वालपापडी-वांग्याची भाजी आणि नारळाच्या रसातली डाळ असं वेगळं पान तिच्यासाठी तयार होतं. शाकाहारी माणसांनी आधी सांगावंच, कारण नाताळच्या दिवसांत इथे गोड पदार्थातसुद्धा अंडं असतं आणि यजमान ऐनवेळी ओशाळतात.

२३ डिसेंबर

सकाळी लवकर वसईचा किल्ला. लवकर म्हणजे आठच्या आत. नंतर ऊन चढतं आणि सुट्टीची गर्दीही. योगायोग असा की १५३४ साली याच तारखेला, २३ डिसेंबरला, गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने तह करून वसई पोर्तुगीजांना दिली. म्हणजे इथल्या नाताळाची सुरुवातच म्हणायची. नाताळ हा शब्दही पोर्तुगीजांच्या 'नाताल'वरून आलेला, आणि आपण तो इतका आपलासा केला की तो बाहेरचा आहे हे कोणाला सुचतही नाही.

आत चर्चचे भग्नावशेष आहेत. छत नाही, मनोरे उभे, भिंतींवर वडाच्या मुळ्या. सेंट जोसेफच्या मनोऱ्याजवळ आई एका दगडावर बसली आणि थर्मासमधला चहा पीत राहिली. लेक प्रत्येक मनोऱ्याखाली उभी राहून मान वर करून बघत होती. "इथे होती का आपली घंटा?" मैत्रीण पटकन म्हणाली, "आमची." संत गोन्सालो गार्सिया याच गावचे. जपानमध्ये नागासाकीला १५९७ साली त्यांना क्रुसावर मारलं गेलं आणि १८६२ मध्ये संतपद मिळालं. चिमाजी आप्पांचा पुतळाही जवळच आहे. एका फेरीत दोन्ही बघून झाले. लेकीला कोण जिंकलं आणि कोण हरलं हे नीट समजावताना मी आणि मैत्रीण दोघी जरा अडखळलो. मग आईस्क्रीम घेतलं.

दुपारी परत आलो तर घरभर व्हिनेगरचा वास. इंदियाल शिजत होतं. हे पोर्क २५ तारखेला खायचं, पण करायचं दोन दिवस आधी, कारण मुरायला वेळ हवा. सुक्या लाल मिरच्या, जिरं, मिरी, दालचिनी, हळद, आलं आणि न मोजलेला लसूण हे सगळं व्हिनेगरमध्येच वाटायचं. पाण्याचा थेंब चालत नाही. मैत्रिणीच्या आईनं पाट्यावरून मसाला काढताना पाटासुद्धा पाण्यानं न धुता व्हिनेगरनंच निपटून घेतला. मिक्सर आहे घरात, दोन आहेत. इंदियालाला मात्र पाटा.

हा प्रकार पोर्तुगीजांच्या वाइन आणि लसूण घातलेल्या मांसावरून आला. लांबच्या समुद्रप्रवासात टिकावं म्हणून तसं करायचे. इकडे वाइनच्या जागी ताडीचं व्हिनेगर आलं आणि त्यात आपल्या मिरच्या-मसाल्यांनी उडी घेतली. गोव्याचं विंदालू आणि हे इंदियाल एकाच घरातले. फ्रीज नव्हते तेव्हा ते मातीच्या भांड्यात ठेवून रोज एक उकळी द्यायची. नाताळ सरला तरी पाच-सहा दिवस चालायचं, असं आजी म्हणाल्या. डुक्कर चार घरांत मिळून एक. कोणाला कुठला भाग हे ठरलेलं असायचं आणि भांडणंही ठरलेली.

संध्याकाळी मुलं आम्हाला गोठा बघायला घेऊन गेली. गोठा म्हणजे येशूजन्माचा देखावा. बाजारातली तयार चित्रं नाहीत, गल्लीतल्या पोरांनी महिनाभर खपून अर्धं अंगण भरून उभं केलेलं गाव. भातकापणी नुकतीच झालेली, त्यामुळे पेंढा हवा तेवढा. डोंगर गोणपाट आणि चुन्याचे. विहीर, तिच्यावर फिरणारा राहाट, छोटी मोटर लावून. तो आता खऱ्या वाड्यांत बघायला मिळत नाही, गोठ्यात मिळतो. देखाव्याची ही पद्धत असिसीच्या संत फ्रान्सिसनं १२२३ साली इटलीतल्या ग्रेचोमध्ये सुरू केली असं मानतात. पण बेथलेहेमच्या वाटेवर केळीचे घड आणि लाल लुगड्यातल्या बाया फ्रान्सिसला काही सुचल्या नसत्या.

माझी आई एका ठिकाणी खाली वाकून बसली ती उठेचना. गोठ्याच्या शेतात हिरवीगार, बोटभर उंचीची कोवळी पाती डुलत होती. पोरांनी पसरट ताटल्यांत माती घालून आठ-दहा दिवसांपूर्वी नाचणी पेरली होती. त्या ताटल्याच आणून मांडल्या की शेत तयार. "हे घट आहेत," आई म्हणाली. नवरात्रात आमच्याकडे देवीपुढे उगवतात तेच. एका पोरानं विचारलं, "काकी, तुमच्याकडे नाचणी घालतात का?" "नाही रे, आम्ही गहू घालतो." "गव्हाची पाती जास्त सरळ येतात का?" इथून पुढे पंधरा मिनिटं धान्य भिजत किती वेळ ठेवावं यावर चर्चा झाली. मी आणि लेक डासांत उभ्या.

गव्हाणीत सगळे होते: मरिया, योसेफ, गाय, गाढव, मेंढपाळ. मधली जागा रिकामी. लेकीला वाटलं बाळ हरवलं. "उद्या येईल," पोरं म्हणाली. "अजून जन्माला कुठे आलाय?"

२४ डिसेंबर

आजचा दिवस फुग्यांचा.

फुगे म्हणजे मैदा, अंडी, नारळाचा घट्ट रस, थोडी साखर आणि यीस्ट यांचं सैलसर पीठ आंबवून तळलेले गोळे. पूर्वी यीस्ट नव्हतं, ताडी होती. पहाटेची ताडी झाडावरून आली की तीत पीठ भिजवायचं. आता ताडीवाले कमी झाले आणि यीस्टची पुडी दुकानात मिळते. चव बदलली का, असं विचारल्यावर आजींनी फक्त हात हलवला. त्याचा अर्थ हो होता की नाही, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

पीठ फुगून भांड्याच्या काठाला आलं आणि कढई चढली. तळायला मैत्रिणीचा मुलगा बसला होता, कॉलेजातला, कानात डूल, गळ्यात एप्रन. पाण्यात हात बुडवायचा, मुठीत पीठ घ्यायचं, मूठ आवळायची. अंगठा आणि तर्जनीच्या मधून पिठाचा गोल गुबगुबीत फुगा वर येतो. तो दुसऱ्या हाताच्या ओल्या बोटांनी अलगद तोडून तेलात सोडायचा. तेलात पडला की तो आपोआप टणाटण फुगतो आणि पुष्कळदा स्वतःच उलटतो. मला वाटलं सोपं आहे. माझ्या मुठीतून पीठ दोन्ही बाजूंनी निघालं आणि प्रत्येक फुग्याला शेपूट. मुलगा सभ्य होता. "आंटी, शेपटाचे आधी संपतात, कुरकुरीत लागतात," म्हणाला. आईसाठी अंडं न घालता वेगळं पीठ भिजवलं होतं. ते फुगे जरा दडस झाले, पण झाले.

पहिला घाणा निघाला आणि मुलानं त्यातला एक बशीत घालून कढईशेजारच्या खुर्चीवर बसलेल्या पणजीच्या हातात दिला. आजींनी तो बोटांनी फोडला. आतून वाफ आली. त्यांनी फुंकर मारली आणि फार सावकाश खाल्ला. दुसरा मागितला. मला वाटलं भूक लागली असेल. त्याचं कारण दुसऱ्या दिवशी कळलं.

खरं तर २४ तारीख पूर्वी उपासाची. दिवसभर मांस नाही, खाणं जेमतेम, रात्री मिस्सा म्हणजे चर्चमधली मोठी प्रार्थना, आणि मग घरी येऊन इंदियाल. आई लगेच म्हणाली, "म्हणजे आज एकादशी, उद्या पारणं." व्हॅटिकनच्या नियमांत १९६० च्या दशकात बरीच सूट आली, तो उपास मागे पडला. आता पोरं मिस्सेआधीच चार-चार फुगे तोंडात टाकतात आणि आजी त्या वेळी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघतात.

संध्याकाळी आजींनी कपाटातून फडक्यात बांधलेली बाळ येशूची वीतभर मूर्ती काढली. घरच्या छोट्या गोठ्यासाठीची. जुन्या धोतराचं मऊ कापड ओलं करून त्यांनी ती पुसली: आधी चेहरा, मग बोटं एकेक करून, मग पावलांच्या मधली जागा. एका पायाचा अंगठा उडालेला आहे. तो कधी उडाला याच्या घरात तीन कथा आहेत आणि तिन्हींत गुन्हेगार वेगळा. मूर्ती पुन्हा फडक्यात गेली. तीही मिस्सेनंतरच बाहेर येणार होती.

रात्रीची मिस्सा चर्चच्या मैदानात होती, कारण आत एवढी माणसं मावतच नाहीत. नंदाखालचं पवित्र आत्म्याचं चर्च १५७३ चं. आजींच्या लहानपणी इथे कंदील घेऊन वाडीवाडीतून रांगा यायच्या आणि मिस्सा लॅटिनमध्ये. "कळत काय होतं त्यातलं?" मी विचारलं. "चाल कळत होती," त्या म्हणाल्या. आता सगळं मराठीत, पेटी-तबल्यापासून कीबोर्डपर्यंत सगळं साथीला. उघड्या मैदानात दव पडत होतं. नेसायला रेशमी साडी आणली होती म्हणून मी मिरवत होते, तासाभरात मैत्रिणीच्या आईनं न विचारता माझ्या अंगावर शाल टाकली. स्वेटर न्या. मुंबईशेजारी थंडी नसते हा समज वसईच्या डिसेंबरातल्या रात्रीला लागू नाही.

ख्रिस्ती नसलेल्यांसाठी थोडं: चप्पल काढावी लागत नाही. सगळे उभे राहतील तेव्हा उभं राहावं, गुडघे टेकले नाहीत तरी कोणी काही म्हणत नाही. शेवटाकडे लोक रांगेनं पवित्र भाकर घ्यायला जातात, ती प्रसाद समजून घ्यायला जाऊ नये. आपण जागेवर बसून राहावं. आईला हे आधी सांगितलं नसतं तर ती हात पुढे करून पहिल्या रांगेत असती.

मिस्सेच्या सुरुवातीलाच गौरवगीत सुरू झालं आणि एकदम सगळ्या घंटा. मोठ्या मनोऱ्यातली, लहान हातातल्या, बाजूच्या कुठल्याशा गावातलीही लांबून. फादरांनी मूर्ती आणून गव्हाणीत ठेवली. लेक झोपेतून दचकून उठली आणि म्हणाली, "आला?" आई डोळे पुसत होती. मी विचारलं नाही. तिनं आपण होऊन सांगितलं, "रामनवमीला बारा वाजता असंच होतं मला."

घरी आलो तेव्हा एक वाजून गेला होता. घरच्या गोठ्यात बाळ ठेवलं आणि सगळे टेबलाशी. इंदियाल, फुगे, काळ्या मनुकांची घरची वाइन, केक. रात्री दीड वाजता इतकं आंबट-तिखट आणि इतकं चांगलं मी कधी खाल्लं नव्हतं. ओठ चुरचुरतात, मग गोडसर फुगा, मग परत इंदियाल. यातून सुटका नाही.

२५ डिसेंबर

सकाळी ताटं निघाली. क्रोशाचे रुमाल घातलेली सात ताटं, त्यांतली चार हिंदू शेजाऱ्यांकडे. कुलकुल, करंज्या, मार्झिपान, दोदोल, केकचे काप. दिवाळीत तिकडून फराळ येतो, त्याची ही परतफेड. गंमत म्हणजे दोन्ही ताटांत करंजी असतेच; इकडच्या करंजीत नारळाबरोबर रवा आणि काजू जरा जास्त. माझ्या आईनं दोन खाल्ल्या आणि मुरड कोणी घातली ते विचारलं. तिच्या तोंडून हा प्रश्न म्हणजे पदक आहे. रिकामं ताट परत येत नाही, हा नियम इथेही आहे. सातातल्या सहा ताटांत साखर, नारळ, केळी आली. एकात इन्स्टंट नूडल्सची पाकिटं. त्या घरी फक्त दोन मुलगे राहतात.

सगळं घरात होत नाही, हेही सांगायला हवं. मैत्रीण नर्स आहे, तिला रजा दोनच दिवसांची. कुलकुल, इंदियाल आणि फुगे घरी; मार्झिपान, दोदोल, करंज्या दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या एका बाईंकडून. त्यांच्या अंगणात डिसेंबरभर चार चुली पेटलेल्या असतात आणि ऑर्डर नोव्हेंबरातच बंद होते. (तुम्हाला घेऊन यायचं असेल तर आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळआधीच्या चार आठवड्यांच्या, पहिल्या रविवारच्या आधी सांगा. नाताळच्या आदल्या दिवशी विचारलं तर बाई नुसत्या हसतात.)

मला वाटलं होतं की आजींना हे खटकत असेल. वय झालेल्या माणसाकडून आपण तेच ऐकायला बसलेलो असतो: तेव्हा कसं सगळं घरी व्हायचं, किती मजा यायची. जेवणानंतर ओटीवर मी तसा विषय काढला. आजींनी सांगितलंही. आठ-दहा बायका एकत्र, एका घरचं संपलं की दुसऱ्या घरचं. तांदूळ घरचे, कांडायचे घरीच. केक करायचा तर ओव्हन कुठला. मिश्रण पत्र्याच्या डब्यात घालून बेकरीच्या भट्टीवर न्यायचं, डब्याला ओळखीची चिंधी बांधायची, तरी परत येताना डबे बदलायचे आणि शेजारणीचा केक आपल्याकडे यायचा. एका वर्षी तर तो आपल्यापेक्षा चांगला निघाला म्हणून कोणी बोललंच नाही.

मग जरा थांबून म्हणाल्या, "साठ वर्षं फुगे तळले मी. गरम फुगा नाही खाल्ला कधी." आधी पुरुष, मग पाहुणे, मग पोरं. चुलीपुढून उठेपर्यंत मिस्सेची घाई. त्या खाईपर्यंत फुगे गार होऊन चिवट झालेले. नवरा गेला, सासू गेली, गुडघे गेले, आणि चार वर्षांपूर्वी हा पणतू कढईपुढे बसला. पहिल्या वर्षी त्यानं बशी पुढे केली तेव्हा त्यांना कळेना की ही कोणाला नेऊन द्यायची.

माझी आई काही बोलली नाही. पुरणपोळीच्या दिवशी ती शेवटी काय खाते ते मला माहीत आहे: तव्यावर फाटलेली.

संध्याकाळी गोठे बघायला सगळं गाव बाहेर. एका ठिकाणी सांताक्लॉज मोटरसायकलवरून चॉकलेटं उडवत होता, दुसरीकडे डीजे. आजींच्या लहानपणी सांता नव्हता, चांदणी बांबूच्या कामट्यांची आणि पतंगी कागदाची, आत पणती. डीजेबद्दल त्यांचं मत विचारलं तर त्या म्हणाल्या, "ऐकू कमी येतं, बरं आहे." रस्ते अरुंद आहेत, या रात्री गाडी काढू नका, चालतच फिरा. २५ ला जमलं नाही तर हळहळू नका. बरेच गोठे ६ जानेवारीच्या तीन राजांच्या सणापर्यंत असतात आणि तेव्हा गर्दी निम्मी.

२६ डिसेंबर

सकाळी उठले तर समोरच्या अंगणात मांडव चढत होता. आगमनकाळाच्या चार आठवड्यांत इथे लग्नं लावत नाहीत, त्यामुळे नाताळ झाला की लगेच लग्नसराई. कालचीच चांदणी, तिच्याखाली आज नवरदेवाचं नाव.

निघताना पिशव्या जड झाल्या. केळीच्या सुक्या पानांत बांधलेली सुकेळी मिळाली: राजेळी केळी सोलून उन्हात वाळवलेली, मधासारखी, दाताला चिकटणारी. आणि गडद तपकिरी बियरच्या बाटलीत ठासून भरलेला बाटली मसाला. तो एप्रिल-मेच्या उन्हात करतात, वीस-पंचवीस जिन्नस वेगवेगळे भाजून, कुटून. बाटलीत भरतात म्हणून बाटली मसाला. गडद काचेत रंग आणि वास टिकतो. लोकलमध्ये ती बाटली आईच्या पिशवीतून मान बाहेर काढून होती आणि समोरची बाई सारखी आईकडे बघत होती. आईच्या लक्षात यायला अंधेरी आली. मग तिनं बाटलीवर पदर टाकला, त्यानं तर आणखीच वाईट दिसायला लागलं.

वाईला परत आल्यावर आईनं बाटली मसाला वांग्याच्या भरतात घालून बघितला. चांगला लागला. बिनअंड्याचे फुगे दोनदा केले, दोन्ही वेळा चपटे. फोनवर मैत्रिणीच्या आईशी नारळाच्या रसावरून अजून चालू आहे.

६ जानेवारीला लेकीच्या हट्टानं मेणवलीला गेलो. घंटेचा जवळून फोटो काढला, मरियेचा आणि बाळाचा, आणि मैत्रिणीला पाठवला. वाटलं, नेहमीचा प्रश्न येईल. संध्याकाळी तिचा निरोप आला: आजींनी फोटो मोठा करून बघितला, बाळाच्या अंगावर धूळ साचली आहे म्हणाल्या. मऊ कापड घ्या, पाणी कमी, आणि बोटांच्या मधून नीट पुसा.